अळीची सही

चैतालीला पहाटे पालकाची स्वप्नं पडत. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत भाजी येऊन पडली की ओल्या मातीचा आणि मेथीचा वास उशीपर्यंत पोचे. मग झोपेत पानं पांघरुणाएवढी होत आणि ती त्यांच्या सावलीत निवांत लोळे. घरपोच सेंद्रिय भाजीचा धंदा करणाऱ्या बाईला याहून वेगळी स्वप्नं परवडतही नाहीत म्हणा!

हल्ली मात्र स्वप्नातही ती पानं उलटून उलटून अळ्या शोधत असे. घोळ तिनेच घालून ठेवला होता. धंदा सुरू केला तेव्हा पानांवरची भोकं बघून लोक नाकं मुरडत. ती ऐटीत सांगे, "भोक म्हणजे अळीची सही. औषध मारलेलं नाही, याची खात्री." लोकांना ते इतकं पटलं की आता धड पान दिसलं तरी त्यांच्या पोटात गोळा येई. आणि या थंडीत पालक आला तो अगदी देखणा, कुठे डाग म्हणून नाही. आळंदीच्या पुढे शेती करणाऱ्या कोंडीरामला तिने फोन लावला, तर तो हसतच सुटला. "थंडी लई हाय ताई. आळ्या न्हाईत. आता काय पाळू व्हय त्या?"

हे बापूराव गायकवाडांना कोण सांगणार? बापूराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या सोसायटीतली झाडून सगळी घरं त्यांच्या शब्दावर चैतालीची भाजी घेत. मागच्या खेपेला त्यांनी पान उजेडाकडे धरून विचारलं होतं, "मॅडम, हल्ली मंडईतून आणता वाटतं?" पुन्हा असाच पालक आला तर सोसायटीची भाजी बंद, असंही बजावलं होतं. ती सोसायटी गेली की धंदाच बसला.

म्हणून त्या सकाळी पिशव्यांतून भोकाभोकांचा पालक डोकावताना दिसला, तेव्हा तिला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. खिडकीतून धुकट उजेड येत होता. तिने एक पान उचललं, तर उजेडाचे बारीक ठिपके तिच्या मनगटावर उतरले. किती सुंदर दिसत होतं ते! आलात ग बायांनो एकदाच्या, असं ती मनात म्हणते आहे तोच तिला फरशीवर बसलेला नवरा दिसला. सौरभच्या मांडीवर पालकाची जुडी होती आणि हातात बॉलपेनची रिफिल.

"पडून राहा तू," तो हलकेच म्हणाला. "सोसायटीच्याच पिशव्या केल्यात. भाजी तर आपली खरीच आहे ना? मग कुणाला काय कळतंय?"

भाजी खरी होती, तेच तर दुखणं होतं. आयटीतली नोकरी सांभाळून हा माणूस पहाटे उठून अळीचं काम करत होता. चैतालीला त्याचा रागही आला आणि मायाही दाटून आली. तिने पिशव्या तशाच स्कूटरवर लादल्या. आळंदी रोड धुक्यात विरघळला होता, आणि आपण जमिनीवरून चाललोच नाही आहोत असं तिला वाटत होतं. असंच पुढे पुढे जावं, कुणाचं दार येऊच नये.

पण दार आलं. बापूरावांनी पान उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां, आता कसं! आली बरं का सही."

नुसतं हसून पुढे जायचं, एवढंच काम होतं. चैतालीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"काका, ही सही खोटी आहे," ती म्हणाली. "भोकं माझ्या नवऱ्याने रिफिलने पाडलीत. थंडीत अळ्या आल्याच नाहीत. भोक म्हणजे खात्री, हे मीच तुम्हाला शिकवलं, तेच चुकलं. खात्री हवी तर कोंडीरामच्या शेतावर जा, कधीही, न सांगता."

बापूरावांनी पान पिशवीत टाकलं. "नवऱ्याला दुसरा उद्योग दिसत नाही," एवढं बोलून ते आत गेले.

संपलं सगळं, तिला वाटलं. रडू येत होतं, आणि किती दिवसांनी छाती मोकळीही झाली होती. तिने पिशवी उचलली.

तेवढ्यात बापूराव परत आले. "उद्या आम्ही दोघं मुलीकडे नागपूरला चाललोय, महिनाभर. घराची किल्ली सोपवावी असं माणूसच सापडत नव्हतं." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "कुंड्यांना पाणी घाला. आणि तो पालक नेता कुठे? आत द्या, आमच्या हिने डाळ भिजवलीये."

 चैतालीने पालक दिला आणि मान हलवली. जिना उतरून स्कूटरपाशी आली तरी तिने किल्ली धरलेली मूठ उघडली नाही.