मंगळाचं आभाळ

शिवयोगी गेला त्याला चार वर्षं होत आली, तरी त्याची आई कमलम्मा सून दाक्षायणीशी कामापुरतंच बोलायची. सोलापूरच्या मंगळवार पेठेत दोन खोल्यांत त्या दोघीच राहत. सकाळी चूल पेटली की कमलम्मा ज्वारीच्या पातळ भाकरी थापायची आणि दाक्षायणी त्या फडक्यानं दाबून दाबून कडक भाजायची. दुपारी शेंगाचटणी कुटायची. बाजारातले दुकानदार दोन्ही घेऊन जायचे आणि त्यावर घर चालायचं. "पीठ संपत आलं." "जाळ कमी कर." "चटणीला मीठ कमी हाय." दिवसभरात एवढीच वाक्यं.

शिवयोगी काविळीनं गेला होता. पिवळे पडलेले डोळे, उतरलेला चेहरा, सिव्हिल हॉस्पिटलातली पंधरवड्याची धावपळ, हे सगळं दोघींनी मिळून पाहिलं होतं. पण समाचाराला आलेला अक्कलकोटचा एक पाहुणा जाता जाता म्हणाला, "पोरीला मंगळ हाय म्हनं. कडक मंगळ. तिच्या माहेरच्या जेऊरच्या लोकांनी पत्रिका दावली न्हाय तुमाला."

कमलम्मानं ते वाक्य घट्ट धरलं. एकुलता एक मुलगा असा डोळ्यांदेखत का जातो, याचं उत्तर तिला कुणीच दिलं नव्हतं. हे एक मिळालं. पिठाच्या गिरणीत, नळावर, मल्लिकार्जुनाच्या देवळात, जिथं चार बायका भेटतील तिथं ती सांगत सुटली, "माझ्या लेकाला हिच्या मंगळानं खाल्लं."

गल्लीनं ते ऐकलं आणि आपापल्या परीनं पाळलं. नव्या लग्नाच्या पोरी दाक्षायणीच्या मागं नळाला उभ्या राहत नसत. भांडण कुणी केलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, फक्त तिच्याभोवती थोडी जागा मोकळी राहायला लागली.

शिवयोगी गेल्यावर दाक्षायणीचा भाऊ तिला माहेरी न्यायला जेऊरहून आला होता. दाक्षायणीनं पिशवीही भरली होती. पण त्या दिवशी कमलम्मा सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडलेली, पाण्याचा घोटही घेतलेला नाही. "आज नको रे. अत्तीनी काही खाल्लं न्हाय," ती भावाला म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणायची, या घरात तशीच पद्धत होती. भाऊ परत गेला आणि ती राहिली ती राहिलीच. कमलम्मानंही तिला कधी जा म्हटलं नाही. फक्त तिच्याशी कानडी बोलणं सोडलं. दाक्षायणी मराठी घरातून आलेली. लग्नानंतर शिवयोगीनं हौसेनं तिला कानडी शिकवली होती आणि सासू-सून कानडीतच गप्पा मारायच्या. आता कमलम्मा तिच्याशी मराठीत बोलायची, भाजीवाल्याशी बोलावं तशी.

शहात्तर सालच्या जुलैत एके सकाळी गल्लीच्या कट्ट्यावर गर्दी जमली. आणीबाणीच्या त्या दिवसांत पेपरात बोलण्यासारखं फारसं काही येत नसे, पण आज आलं होतं. कापडाच्या मिलमध्ये साच्यावर काम करणारा जोतीराम रातपाळी करून आलेला, तो पेपर डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवत होता.

"अमेरिकेचं यान उतरलं मंगळावर! हा बघा फोटो. तितली जमीन हाय ही."

काळ्या-पांढऱ्या फोटोत दगडच दगड होते. मेंढरं विकायला सांगोल्याहून आलेला बिरप्पा पुढं वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्या लांब कशाला गेले? हे तर आमचं माळरान हाय की."

सगळे हसले. कुणी म्हणालं, फोटो खोटा आहे, राजस्थानात काढलाय. एका म्हातारीनं फोटोला लांबूनच हात जोडले आणि लगेच नातीला मागं ओढलं. मग एकदम गर्दी गप्प झाली, कारण दाक्षायणी घागर घेऊन नळाला चालली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली बघत गेली आणि खाली बघत परत आली.

कमलम्मा दारात उभी होती. ती कट्ट्यापाशी गेली आणि जोतीरामला म्हणाली, "दे बघू."

"अम्मा, तुमी..." जोतीराम घुटमळला.

"दे म्हनलं ना."

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "यात मंगळ कुठला?"

"ही सगळी जमीनच मंगळ, अम्मा."

"आन तो सोता कुठं हाय?"

कुणी हसलं नाही. जोतीरामनं फोटोवर बोट ठेवलं. "सोता म्हंजे... हाच की," तो म्हणाला. कमलम्मानं पेपर परत दिला आणि घरात जाऊन पीठ मळायला बसली. त्या दिवशी तिच्या भाकरी जाड झाल्या. दाक्षायणीला ते कळलं, तिनं त्या जास्त वेळ भाजल्या.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका कॉलेजात मंगळाचे रंगीत फोटो दाखवणार आहेत, बायकाही बघायला जातायत, असं शेजारची वच्छला सांगून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चटणी कुटून झाल्यावर कमलम्मानं धुतलेलं इरकल लुगडं नेसलं, कपाळाला विभूती लावली आणि दारात उभी राहून म्हणाली, "चल."

"कुठं?" दाक्षायणीनं विचारलं.

"ते फोटो बघायला."

चार वर्षांत दोघी एकत्र कुठंही गेल्या नव्हत्या. दाक्षायणीचे हात तिखटानं लाल झाले होते. ते तिनं दोनदा धुतले, तरी आग जात नव्हती. जावंसं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिथं सगळ्यांसमोर ही आपल्याला काही बोलली तर, अशी धास्ती तिला टांग्यात बसल्यावरही होती.

कॉलेजच्या हॉलच्या खिडक्या काळ्या कापडानं झाकल्या होत्या आणि भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. चिंतामणी सर नावाचे विज्ञान शिकवणारे मास्तर एकेक चित्र यंत्रात सरकवत होते. अंधारात बाकांवर लोक दाटीनं बसले होते. आधी यानाचं चित्र आलं, मग काळ्या आभाळातला तांबूस गोळा. मग खट्ट आवाज झाला आणि अख्ख्या भिंतीवर मंगळाची जमीन पसरली.

तांबडी माती आणि तांबडे दगड. लहानमोठे, कुणी कधी न उचललेले, कुणाचा पाय न लागलेले. लांबवर एक रेघ आणि तिच्यावर फिकट गुलाबी आभाळ.

हॉलमध्ये कुणीतरी "आई गं" म्हणालं. दाक्षायणीनं पदर तोंडाला लावला. या मंगळामुळं आपला नवरा गेला, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. खरं तर कुणी सांगायची गरजच नव्हती. रात्री ती स्वतःच स्वतःला तेच सांगत आली होती. आपल्या जन्माच्या वेळी हे तांबडं पत्रिकेतल्या कुठल्या तरी घरात येऊन बसलं आणि सहासात वर्षांचा संसार मोडला. आता ते समोर होतं. दगड होते. उन्हात पडलेले. प्रत्येक दगडाला आपली आपली सावली होती.

तिच्या मनगटावर कमलम्माचा हात आला. "नोडव्वा," कमलम्मा हळूच कानडीत म्हणाली. बघ गं बाई. "किती एकटं हाय बिचारं."

चित्रं संपली, खिडक्या उघडल्या, लोक पांगायला लागले. कमलम्मा मात्र थेट सरांपाशी गेली.

"सर, तितं कोनच न्हाय?"

"कुणीच नाही, आजी. अजून तरी काही सापडलेलं नाही."

"झाड, पानी?"

"झाड नाही. वाहतं पाणी नाही. वारा आहे, धूळ आहे."

"आन आभाळ असं का? पहिल्यांदाच बघितलं असं."

सरांना प्रश्न आवडला. ते यंत्राची वायर गुंडाळता गुंडाळता थांबले. "हवेत बारीक तांबडी धूळ असते, म्हणून. पण गंमत सांगू का? पहिला रंगीत फोटो त्यांनी लोकांना दाखवला, तेव्हा त्यात आभाळ निळं होतं. आपल्यासारखं. रंग जुळवताना गफलत झाली होती. मग यानावरच्या रंगांच्या पट्टीशी ताडून बघितलं, तेव्हा कळलं."

"एवढ्या मोठ्या लोकांचं चुकलं?"

"चुकलं."

"मग गप बसले?"

"नाही हो. सगळ्या पेपरवाल्यांना बोलावून सांगितलं की आधी दाखवलं ते बरोबर नव्हतं, हे बरोबर आहे."

"लोक हसले असतील."

"हसले म्हणे. पण सांगितलं त्यांनी."

कमलम्मा आणखी काही विचारेल असं वाटून सर थांबले. ती नुसती मान हलवून वळली. परतीच्या वाटेवर टांग्यात ती रस्त्याकडं तोंड करून बसली. दाक्षायणीला वाटलं, झालं ते तिथंच झालं, आता पुन्हा पीठ आणि मीठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलम्मा ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेली. रोज दाक्षायणी जायची, आज ही स्वतः गेली. गिरणीत बायकांची रांग होती. कमलम्मानं डबा खाली ठेवला आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "जरा पट्टा थांबव रे. बोलायचं हाय."

गिरणी थांबली. अचानक एवढी शांतता झाली की बायका तिच्याकडं बघायला लागल्या.

"माझा शिवयोगी काविळीनं गेला," कमलम्मा म्हणाली. "डॉक्टरनी तवाच सांगितलं हुतं. मी मात्र तुमाला दुसरंच सांगितलं. माझ्या सुनेच्या मंगळानं खाल्लं म्हनून. हितंच उभी राहून सांगितलं. ते बरोबर नव्हतं. दाक्षायणीनं माझ्या लेकाचं सगळं केलं, आन माझंबी करते. एवढंच सांगायचं हुतं. चालू कर गिरणी."

एक बाई तोंडावर पदर घेऊन हसली. दुसरी म्हणाली, "म्हातारीला काय झालं आज?" बाकीच्यांनी आपापले डबे पुढं सरकवले. कमलम्मा तिथून नळावर गेली, मग देवळाच्या ओट्यावर. सगळीकडं तेच बोलली, जवळपास त्याच शब्दांत. देवळात पोचेपर्यंत तिचा आवाज बसला होता.

हे दाक्षायणीला वच्छलानं धावत येऊन सांगितलं. सांगताना वच्छलाचे डोळे भरले होते, पण दाक्षायणीचे कोरडेच राहिले. तिनं तवा उतरवला, चूल तशीच धगधगत ठेवली आणि दारात बसून राहिली. कमलम्मा पिठाचा डबा कमरेवर घेऊन आली, तशी ती उठून उभी राहिली.

"कुणी सांगितलं हुतं तुमाला बोलायला?"

कमलम्मानं डबा खाली ठेवला.

"लोक विसरत आले हुते, अत्ती. आता पुन्यांदा सगळ्यांच्या तोंडात माझं नाव." तिचा आवाज चढत गेला. "चार वर्षं! चार वर्षं मी तुमच्या समोर बसून भाकरी भाजल्या. एकदा मला म्हनला असता तर? गिरणीला सांगायच्या आधी मला सांगायचं!"

कमलम्मा उंबऱ्यावरच बसली. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "तितं सोपं हुतं गं. तुझ्या म्होरं तोंड उघडंना."

दाक्षायणी रडायला लागली ती मोठ्यानं. शिवयोगी गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कमलम्माला सावरण्यात होतं. कमलम्मानं तिला जवळ ओढलं. पिठानं भरलेला हात तिच्या केसांवरून फिरत राहिला आणि केस पांढरे होत गेले.

"मलाबी वाटायचं, माझ्यामुळंच गेले," दाक्षायणी हुंदक्यांतून म्हणाली.

"न्हाय गं बाई. न्हाय."

त्या दिवशी भाकरी झाल्या नाहीत. दुकानदाराचा माणूस आला, त्याला वच्छलानंच परत पाठवलं. दुपार कलली तशी दोघींनी सकाळचा भात खाल्ला. नंतर भिंतीला टेकून बसल्यावर कमलम्मा म्हणाली, "शिवयोगीचं काहीतरी सांग की. मला ठाव नसलेलं."

दाक्षायणीनं थोडा विचार केला. "लग्नानंतर पहिल्यांदा जेऊरला निघालो हुतो. कुर्डुवाडीला गाडी थांबली, तर हे पेरू घ्यायला उतरले. मी नको नको म्हनत हुते. गाडी सुटली की! मी खिडकीतून बघते तर हे पेरू छातीशी धरून पळतायत. एकेक पेरू खाली पडतोय आन हे वाकून उचलतायत."

"अगं बाई!"

"मग दिसेनासेच झाले. मी रडून रडून बेजार. पुढच्या स्टेशनावर हसत हसत डब्यात आले. शेवटच्या डब्यात चढले हुते. हातात दोनच पेरू."

कमलम्मा हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. "गुडघा फुटला हुता त्याचा. मी विचारलं तर म्हनला, जेऊरला बांधावरनं पडलो."

"तुमाला सांगू नको म्हनले हुते मला."

"असं?" कमलम्मानं डोळे पुसले आणि तिच्याकडं तोंड करून मांडी घातली. "अजून काय काय सांगू नको म्हनला हुता?"

दाक्षायणी जरा जवळ सरकली आणि सांगायला लागली.