शेल्याखाली

शमीची पानं टोपलीत.

जरीचा शेला, कडक इस्त्रीचा.

पाणी उताराकडे जातं. हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक.

पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी, अर्धी भरलेली.

दसऱ्याला दौलतगंजातली मराठा मंडळी जयसिंहरावांना सोनं द्यायला यायची, ही जुनी रीत. यंदा त्यांना नळी लावलेली. एक किडनी आधीच थकलेली. पगडी चढवून ते खुर्चीत बसले. पहिला पाहुणा दारात दिसला आणि सुनेनं, कुमुदिनीनं, खुर्चीखाली लटकणारी पिशवी झटकन उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. वरून शेला. मग शमीची पानं, पेढे, चहा, पुन्हा चहा. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत पिशवी तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी. दवाखाना. डॉक्टर म्हणाले, पिशवीतली लघवी उलटी चढली असणार. जंतू किडनीपर्यंत पोचलेत.

"त्या गरिमाचंच काम!" कुमुदिनीचा नवरा संग्रामसिंह कडाडला. गरिमा म्हणजे नळीची देखभाल करायला घरी येणारी नर्स. बिचारी बातमी ऐकून धावत आली होती. "उद्यापासून येऊ नकोस!"

"भैया, मी रोज कानीकपाळी ओरडते, पिशवी कमरेच्या खालीच पाहिजे. कसम से!" गरिमा रडवेली झाली. "भाभी, तुम्हीच सांगा ना. वर उचलली होती का कुणी?"

कुमुदिनी चादरीची कड सारखी करू लागली. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"मीच घेतली मांडीवर." पलंगावरून जयसिंहरावांचा खोल गेलेला आवाज आला. "चार लोकांत लाज वाटली. पोरीला बोलू नकोस."

"कमाल करता, आबासाहेब! या वयात कसली लाज? जीव नकोसा झाला होता का?"

म्हातारा बोलणी खात पडून राहिला. सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर तिला सोसलं असतं.

गरिमानं मात्र पाहिलं. मग ती नाडी बघायला वळली.

कुमुदिनी खाली वाकली. पिशवी पलंगाखाली नीटच लटकत होती, तरी ती नळीचा नसलेला पीळ सोडवत बसली. पिशवीच्या तळाशी जेमतेम बोटभर, गढूळ.

"मामासाहेब," ती सासऱ्यांना म्हणाली. आणि पुन्हा नळीच चाचपू लागली.

दसऱ्याच्या सकाळी पगडी डोक्यावर ठेवताना जयसिंहराव म्हणाले होते, "पिशवी राहू दे खाली, सूनबाई. दिसली तर दिसली."