स्नेहलला पाजलेली पेज

माझं तोंड मोठं, हे मुरबाडच्या बाजारात कुणालाबी विचारा. सरस्वती म्हटलं की लोक म्हणतात, ती हॉस्पिटलवाली ना? माझ्या नणंदेची पोर, गोजर नाव तिचं, बाळंतपणात अडली, तिला जीपमध्ये घालून कल्याणला नेत होते, ती वाटेतच गेली. त्यानंतर गावच्या बायका घेऊन मी सरकारी हॉस्पिटलच्या दारात बसले. भूल देणारा डॉक्टर मिळेपर्यंत उठणार नाय म्हटलं, आणि नाय उठले. आता दर गुरुवारी ते डॉक्टर कल्याणवरून येतात, अडलेल्या बायांचं सिझर इथंच होतं.

या गुरुवारी माझ्याच सुनेचा नंबर होता. स्नेहलचं मूल पोटात आडवं. सिस्टरनं बजावलेलं, "रात्रीपासून पोटात काय जायला नको, पाणीसुद्धा नाय." मला काय शिकवता? गावभर बायकांना हेच सांगत फिरणारी मी! पण सकाळी पोर अशी मलूल बसलेली, की माझा जीव राहीना. आमच्यात गरोदर बाईला उपाशी घराबाहेर काढत नाय. आणि पेज म्हणजे काय जेवण झालं का? पाणीच ते. दिली वाटीभर.

"आई, सिस्टर बोललेली ना..."

"पी गो गप."

प्रणय, माझा मुलगा, रक्ताची पिशवी आणायला कल्याणला गेलेला, म्हणून सोबत मी एकटीच. हॉस्पिटलात शेजारच्या पाड्यावरची रखमी होती, तिचंबी सिझर, सोबत तिची आई. पहिलं कुणाला घ्यायचं यावरून मी आवाज चढवला. "माझ्या सुनेला आधी घ्या. हा डॉक्टर इथं आणला कुणी?" रखमीची आई बिचारी लेकीला घेऊन बाजूला सरली.

स्नेहलला स्ट्रेचरवर घेतली. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "नाय."

"नक्की? भूल दिल्यावर उलटी झाली तर ती छातीत उतरते. जीवावर बेततं."

"नाय, सर."

माझ्यासाठी खोटं बोलली हो! चार लोकांत सासूची लाज जाऊ नये म्हणून पोर जीव द्यायला निघाली. आणि मी? मी नुसती स्ट्रेचरमागं चालत गेले. स्ट्रेचर आत गेलं, दार लागायला आलं, तेव्हा कुठं मी ओरडले, "थांबा! मी पेज पाजलीय तिला!"

सगळा व्हरांडा माझ्याकडं बघायला लागला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. पोट रिकामं होईपर्यंत थांबू. मध्येच कळा सुरू झाल्या तर मात्र थांबता येणार नाही, मग कठीण आहे." मग स्नेहलला परत वॉर्डात खाटेवर आणलं आणि रखमीला आत घेतलं.

सिस्टर मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बसा." आणि रखमीच्या आईला म्हणाली, "तुम्ही स्नेहलपाशी बसा जरा. कुणाला काही देऊ देऊ नका." कुणाला म्हणजे मलाच. त्या बाईची स्वतःची लेक आत टेबलावर, आणि ती माझ्या सुनेची राखण करत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वॉर्डाच्या दारातून स्नेहलचे पाय दिसत होते, ते जरा हलले तरी वाटायचं, झाल्या कळा सुरू.

देवाची कृपा, नाय झाल्या. रखमीला मुलगी झाली, सुखरूप. दुपार कलल्यावर स्नेहलला आत नेली. डॉक्टरांनी घरी जायचं लांबवलं. मी भिंतीकडं तोंड करून बसले.

मग रडणं ऐकू आलं. सिस्टर मूल घेऊन दारात आली. "मुलगा झाला. आई बरी आहे. स्नेहलचं कोण आहे इथं?"

उभ्या तालुक्यात पुढं पुढं करणारी मी, पण भिंतीपाशीच बसून राहिले. रखमीच्या आईनं मला कोपरानं ढोसलं. "जा गो, नातू झालाय तुला."

"तूच घे आधी," मी म्हटलं. "माझ्या हातचं आज काय नको त्याला."