घडवणाऱ्याच्या नावावर

माझं नाव श्रीहरी. कुरखेड्याच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो, आणि दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पोरगं विचारायचंच, ‘सर, तुम्ही देव मानत नाही, मग तुमचं नाव असं कसं?’ मी म्हणायचो, ‘बापानं ठेवलंय, त्याला विचारा.’ विचारायला कुणी गेलं नाही. गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याची सुटका झाली नसती.

माझा बाप लटारू. आम्ही धीवर. कुरखेड्यापासून सायकलीनं अर्ध्या तासावर आमचं गाव आणि गावाला लागून मोठा तलाव. बाच्या देवाला देऊळ नव्हतं, मूर्ती नव्हती, धड नावही नव्हतं. बा त्याला ‘घडवनारा’ म्हणायचा. ज्यानं मासा घडवला, पाणी घडवलं, तो. जाळं फेकायच्या आधी बा ओंजळभर पाणी घ्यायचा, म्हणायचा, ‘घडवनाऱ्या, तुहं तुले, माहं मले,’ आणि जाळ्यात पहिला जो मासा येईल तो परत सोडून द्यायचा. मग तो हातभर लांब मरळ का असेना. लहानपणी कित्येकदा दिवसभरात तो एकच मासा लागलेला असायचा आणि आई नुसतं आंबील वाढायची. तेव्हापासून माझं त्या घडवणाऱ्याशी वाकडं आहे.

उन्हाळ्यात तलाव आटत आटत पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, एका खड्ड्यापुरता उरायचा. त्या खड्ड्यात कुणी जाळं टाकत नसे. बा तिथं एक बांबू रोवायचा आणि त्याला पांढरी चिंधी बांधायचा. आतले मासे घडवणाऱ्याचे. पाणी भरलं की त्यांचीच पिल्लं तलावभर व्हायची आणि गावाचं वर्ष निघायचं.

चौऱ्याऐंशी साली आमच्या मच्छीमार सोसायटीला खात्याची योजना मिळाली. लिहिता-वाचता मीच, म्हणून सेक्रेटरीही मीच. रोहू आणि कतला माशांची पिल्लं मिळणार होती, बोटाएवढी. खात्याचे लोक त्यांना बोटुकली म्हणत. सोबत एक छापील पत्रक होतं. त्यात पहिलीच सूचना होती की तलावातले जुने मासे आधी मारून टाका, नाहीतर ते बोटुकली खातील. त्यासाठी मोहाची ढेप वापरा. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जो चोथा राहतो तो पाण्यात कालवला की मासे मरतात, खाणाऱ्या माणसाला काही होत नाही. मारायचे जुने मासे होते ते फक्त त्या चिंधीच्या खड्ड्यात.

बाला सांगितलं तेव्हा तो जाळं विणत होता.

“ते आपले नाईत,” तो म्हणाला. “त्याचे हायेत.”

“कोनाचे? दाखव मले.”

“ज्यानं घडवले त्याचे.”

“कोनी घडवले नाईत बा. हजारदा सांगतलं. कोट्यवधी वर्सं लागली, हळूहळू झाले. आपोआप.”

“कोटी वर्सं?” बानं सुई थांबवली. “मोजाले कोन बसलं होतं?”

“मोजता येते. खडकावरून मोजता येते.”

“बरं. तलाव सुकते तवा मरळ चिखलात घुसते अन् पान्याची वाट पाह्यते. हे तिले कोनं शिकवलं?”

“कोनी नाई! जे चिखलात घुसले ते वाचले, जे नाई घुसले ते मेले. वाचले त्यायची पोरं तशीच निपजली. बस.”

“म्हंजे तुहा खडक हुशार, चिखल हुशार, मरळ हुशार,” बा म्हणाला. “अन् ज्यानं हे समदं जुळवलं तोच तेवढा नाई.”

डोकं फिरायचं माझं. हा माणूस दुसरीपर्यंत शिकलेला आणि दर वेळी शेवटचा शब्द याचाच. मी सोसायटीत ठराव मांडला, तो पास झाला, आणि मे महिन्यात आम्ही खड्ड्यात ढेप कालवली. आठ टोपल्या मासे निघाले. गावानं दोन दिवस खाल्ले. बानं दोन्ही दिवस आंबाडीची भाजी खाल्ली. मला एका शब्दानं बोलला नाही, आणि त्याचा मला जास्त राग आला.

जुलैत बोटुकली आली. तलावात कमरेएवढं पाणी भरलं होतं, आणि मग पावसानं दहा दिवस दडी मारली होती. जीपमधून ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या चाळीस प्लॅस्टिकच्या पिशव्या उतरल्या. प्रत्येकीत गार पाणी, वर फुगवलेली हवा आणि आत वळवळणारी शेकडो पिल्लं. खात्याच्या माणसाला पुढच्या गावी जायचं होतं. “पत्रकात सगळं आहे,” तो म्हणाला. “तुम्ही तर सायन्सचे मास्तर.” मी खिशावर हात मारून दाखवला. पत्रक खिशातच होतं.

तालुक्याचे एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले होते. ते बारा वाजता आले. पाळीवर सगळं गाव, सोसायटीचा अध्यक्ष मुखरूभाऊ हार घेऊन, आणि मी भाषण तयार करून आलेलो. अंधश्रद्धेकडून विज्ञानाकडे, असं काहीतरी होतं ते. भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. वळून बघतो तर बा पाण्यात उतरलेला. त्यानं एकेक पिशवी, तोंड बांधलेलीच, पाण्यावर ठेवायला सुरुवात केली होती आणि मध्ये तो हात जोडून उभा होता.

“बा, काय करून राह्यला?”

“थांब जरा. नवे जीव हायेत. पान्याची वळख होऊ दे. त्याले सांगून राह्यलो, हे आता तुहेच.”

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्यासोबतचा एक जण हसला. “मास्तर, तुमचे वडील सत्यनारायण घालून राह्यले का?”

लाजेनं माझे कान तापले. इतकं मोठं भाषण ठोकल्यावर माझाच बाप सगळ्यांसमोर हात जोडून उभा! मी पँटसकट पाण्यात उतरलो, खिशातलं ब्लेड काढलं आणि पिशवी फाडली. मग दुसरी. “झालं तुहं?” मी ओरडलो. “फाडा रे सगळ्या!” पोरांनी पटापट फाडल्या. टाळ्या पुन्हा पडल्या. माझ्या पायांना पाणी लागत होतं ते चहासारखं तापलेलं होतं. ते मला लागत होतं, हे मी आजही सांगतो.

पत्रकातली सहावी सूचना अशी होती: पिशव्या न उघडता अर्धा तास तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं तापू द्यावं. नाहीतर बोटुकली दगावतात.

मी ती वाचली होती. पेन्सिलनं तिच्याखाली रेघसुद्धा मारली होती.

दिवस कलायच्या आत पाळीच्या कडेनं पांढरा पट्टा तयार झाला. पोटं वर करून पडलेली पिल्लं. बाया ओंजळीनं उचलून बघत होत्या. जुने मासे आम्ही आधीच मारलेले, नवे हे असे. आता तलावात काही नव्हतं. पस्तीस घरांचं वर्ष गेलं होतं आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी बा बोलला.

“घडवनाऱ्याच्या मनात नव्हतं,” तो मोठ्यानं म्हणाला. “त्याचे जुने जीव आपन मारले, त्यानं नवे ठेवले नाईत. त्याचं तो जाने. चला घरी.”

आणि लोक गेले! कुणी उसासा टाकला, कुणी कपाळाला हात लावला, पण गेले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बापाचा देव आवडला. ओझं उतरलं आणि पाठोपाठ संताप आला. चूक माझी होती, ब्लेड माझं होतं, आणि श्रेय घेऊन गेला तो, जो नाहीच.

शाळेत मनसाराम नावाचा माझा सहकारी होता, गणित शिकवायचा. घर बौद्ध, बोलणं मोजकं. त्याला मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, “पाह्य ना यायचं अज्ञान. धडधडीत माझी चूक, आन् हे देवावर ढकलून मोकळे.”

“आमच्यात घडवनारा कोनी नाई,” मनसाराम म्हणाला. “त्याच्यानं आमाले ढकलाले जागा नाई. केलं ते आपलं. पन श्रीहरी, तू तिथंच काऊन नाई सांगतलं?”

मी म्हणालो, बा मध्ये बोलला. मनसारामनं वह्या तपासायला घेतल्या.

त्याच रागात मी सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पत्रक घेऊन गेलो आणि उभा राहिलो. “मासे देवानं मारले नाईत,” मी म्हणालो. “सहावी सूचना वाचून दाखवतो.” मुखरूभाऊनं हात वर केला. “बसा मास्तर.” “मले वाचू तर द्या!” “बसा म्हनलं ना. लटारूभाऊनं सांगतलं ते सांगतलं. तुमी कोन हो मारनारे आन् तारनारे?” लोक माना डोलवू लागले. मी पत्रक टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. असल्या गावाला कबुलीसुद्धा नको, मग याचं काय करायचं माणसानं?

तलाव रिकामा, म्हणून धीवर सती नदीवर जाऊ लागले. बासुद्धा जायचा. सत्तरीला टेकलेला माणूस, पहाटे उठून दोन कोस चालत. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यासोबत जाऊ लागलो, टोपली धरायला. पहिल्याच दिवशी मला फरक जाणवला. बानं ओंजळ भरली नाही. काही म्हणाला नाही. सरळ जाळं फेकलं, आणि पहिला मासा लागला तो टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मला आनंद झाला. लपवत नाही, चांगला झाला. मरळ, चिखल, खडक, कोटी वर्षं, जे मी वीस वर्षं सांगून थकलो ते मेलेल्या पिल्लांनी एका दुपारी सांगितलं होतं. सुट्टी संपल्यावर मी मनसारामला मोठ्या ऐटीत म्हणालो, “माहा बाप सुटला एकदाचा.”

“त्यायनं सांगतलं का तसं?”

“सांगाचं काय त्यात? दिसते ना.”

“विचार तरी,” मनसाराम म्हणाला.

त्या रविवारी विचारलं. बा गुडघाभर पाण्यात उभा होता, जाळं खांद्यावर.

“बा, तू आता ते म्हनत नाई. तुहं तुले, माहं मले.”

“नाई म्हनत.”

“बरं झालं. पटलं ना शेवटी? कोनी नाई म्हनून?”

बानं माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपली खाली ठेवली.

“कोनी नाई? तो हाय म्हनून तर बोलता येत नाई.” तो जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी चाचपत राहिला. “जवानीत मी मडक्यात जिते मासे या तळ्या-बोडीतून त्या बोडीत नेत होतो. मडकं आधी पान्यात ठेवाचं, मंग सोडाचे. घाई केली का मेलेच. हे मले मालूम होतं. मुखरूलेई मालूम हाय. पाळीवर चार म्हातारे होते, चारही जनायले मालूम होतं तुनं काय केलं ते.”

“मंग तू घडवनाऱ्याच्या मनात नव्हतं म्हनून…”

“खोटं बोललो.”

नदी वाहत होती. बानं जाळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“पस्तीस घरं उपाशी राहनार होती,” बा म्हणाला. “त्यायनं तुले गावात राहू देल्लं असतं का? पोराले वाचवाचं होतं. मंग घडवनाऱ्याच्या अंगावर घातलं. तो कोनाले उलटून बोलत नाई, म्हनून त्याच्या अंगावर घातलं. त्यानं घडवलं, अन् मी चारचौघात म्हनलं का यानं मारलं. आता पानी हातात घेऊन त्याले काय म्हनू? कोन्त्या तोंडानं म्हनू?”

“मी सांगतो गावाले,” मी म्हणालो. “पुन्हा सांगतो. उद्याच.”

“गावाले मालूम हाय म्हनलं ना तुले. गावाशी माहं भांडन नाई.”

“मंग कोनाले सांगू?”

मी हे ओरडलोच. माझ्या आवाजानं पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. बा जाळ्याचा गुंता सोडवू लागला. त्याला माझी कीव आली असावी. ज्याला सांगायचं तो माझ्यासाठी नव्हताच, आणि बाचं तोंड मी बंद केलं होतं. वीस वर्षं मी म्हाताऱ्याचा देव काढून घ्यायला बघत होतो. तो मला काढता आला नाही. म्हाताऱ्यानंच तो माझ्यासाठी खर्ची घातला होता.

बानं जाळं फेकलं. गोल, अजूनही अगदी गोल पडलं. ओढलं तेव्हा त्यात एकच मासा होता, वीतभर कटवा. तो त्यानं टोपलीत टाकला.

मी टोपलीत हात घातला. कटव्याचा काटा तळव्यात रुतला, रक्त आलं. मी त्याला नदीत सोडला. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं. शब्द मला लहानपणापासून पाठ होते, पाचच शब्द. बा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी ओठ हलवले, घसा खाकरला. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं आणि शब्द काही निघाले नाहीत.

“एक मासा गेला फुकट,” बा म्हणाला, आणि त्यानं जाळं पुन्हा फेकलं, काहीही न म्हणता.