सातवं शिंकं

देवराव गेला त्याले पाच महिने झाले होते आणि मी अजून रडली नव्हती. गावातल्या बाया म्हणत, बायनाबाई दगडाची आहे. म्हणोत. दगडाले निदान ऊन लागते, मले तेबी लागत नव्हतं. धान कापलं, पेंढ्या बांधल्या, जेवली, झोपली.

देवराव माझा मोठा पोरगा, जंगलखात्यात नाकेदार. मिरगाच्या आधी ताप आला, डोक्यात चढला, तिसऱ्या दिवशी संपलं. त्याच्या जागेवर घरातल्या एकाले नोकरी देऊ, असा कागद आला. पहिला हक्क बायकोचा, पण घरातल्या मोठ्या माणसाची हरकत नाई असं लिहून पाहिजे. मोठी मीच.

माझं म्हणणं सरळ होतं. नोकरी आमच्या घरची, खुशालले लागावी. खुशाल धाकटा. आठवी नापास, नाटकात पडदे ओढते, पण पोटचा आहे. सून सत्यशीला दहावी पास. नोकरी घेऊन गोंडपिपरीले गेली की परत कशाले येते? लेकरूबाळ नाई, ओढ कशाची?

कागद पंधरा दिवस कणगीवर पडून होता. एका सकाळी सत्यशीला तो घेऊन समोर उभी राहिली. दुसऱ्या हातात देवरावची थाळी.

"बाई, पहाडीवर चला. सात शिंकी. तुमी जिंकल्या तर भाऊजीले नोकरी, मी लिहून देते."

ही थाळी जेवायची नव्हे. पाखरं मोजायले आलेल्या एका गोऱ्या साहेबानं तीन वर्षांमागं देवरावले देली होती. हिरवी, प्लास्टिकची, काठ खाली वळलेला. त्याहिच्याकडे म्हणे जंगलात साखळ्यांच्या टोपल्या टांगतात आणि झाडाझाडातून थाळी फेकत त्यात पाडतात. कमी फेकीत पाडंल तो जिंकला. आमच्याकडे साखळ्या कुठल्या? मी अंबाडीची शिंकी वळते, दह्यादुधाची मडकी टांगायले. तशी सात मोठी शिंकी देवरावनं माझ्याकडून वळून घेतली आणि घरामागच्या पहाडीवर सात झाडांले टांगली. तवापासून घरातलं भांडण पहाडीवर मिटे. बैल कोण धुणार, बाजाराले कोण जाणार, चला सात शिंकी. हरला तो मुकाट ऐके. बहुतेक वेळा मीच जिंकत होती. गोफण फिरवून धानावरची पाखरं हाकलण्यात जन्म गेला, हाताले दिशा कळते.

"आन् तू जिंकली तर?"

"तुमी सही कराची."

खुशाल दारात दात घासत होता. "माय, हो म्हण. वहिनीची थाळी नेहमी नाल्यात जाते."

"तू तोंड धू पयले," मी म्हटलं. "साहेबापुढंबी असाच उभा राहशीन का, राखुंडी गाळत?"

मी लुगडं खोचलं आणि निघाली.

पाच महिन्यांत पहाडीवर कोणी गेलं नव्हतं. पायवाटेवर वाळला तरोटा कमरेएवढा. थाळी एकच, म्हणून एकीचं शिंकं झालं की दुसरीनं खेळायचं. पहिलं शिंकं मोहाच्या झाडाले. दोघींच्या तीन-तीन फेकी. दुसरं चढावर, ऐनाच्या झाडाले. तिथी थाळी जोरात गेली की झाडापलीकडे घसरत उतारानं जाते. सत्यशीलेची गेली. ती उतरली, थाळी पडली तिथूनच पुन्हा फेकली. तिसऱ्याले मी सागाच्या दोन खोडांमधून एका फेकीत पाडली. खुशाल नाचला. देवराव असता तर म्हणाला असता, माय, तुले साहेबाच्या देशात पाठवतो. ते आठवलं आणि काही झालं नाई. मी पुढच्या झाडाकडे चालाले लागली.

चौथ्या-पाचव्यात तिनं माझी बरोबरी गाठली. हात सरळ, नजर सरळ.

"कवा शिकली?"

"ते ड्युटीवर गेले की मी एकटी येत होती इथी."

"आन् मी समजे सरपणाले जाते."

"सरपणबी आणत होती बाई."

सहा शिंकी झाली तवा दोघींच्या फेकी सारख्या. सातवं नाल्यापलीकडे, पहाडीच्या टोकावर, बेहड्याले. ते खाली पडलं होतं. वरची दोरी उधईनं खाल्ली होती. दरवर्षी पावसाआधी देवराव सातही शिंकी उतरवून चुलीवर धुरात टांगे. यंदा कोण उतरवणार होतं.

मी शिंकं उचललं. एकेक गाठ ओढून पाह्यली. बुडाची गाठ दातानं आवळली. "पक्कं आहे. माझ्या हातची गाठ सुटत नाई."

माहुलीच्या वेलाची साल सोलून दोरी केली. पण फांदी उंच. देवराव उभ्यानं बांधे, आमचा हात पोचेना.

"खुशाल, चढ."

"माय, बेहड्यावर लाल मुंग्या आहेत."

मग मीच वाकली. सत्यशीलेले म्हटलं, चढ पाठीवर.

"बाई, तुमच्या पाठीवर पाय कसा ठेवू?"

"जसा जमिनीवर ठेवते तसा."

ती चढली. धानाची पेंढी तिच्याहून जड असते. मी वाकल्या-वाकल्या विचारलं, "जेवत नाई का तू?"

"जेवते."

"कवा?"

ती दोरी बांधत राहिली. पाच महिने एका चुलीवर होतो, मले दिसलं नव्हतं.

नाल्याअलीकडे येऊन मी पहिले खेळली. दोन फेकीत पलीकडे, तिसरीत शिंक्यात. तीन.

सत्यशीलेची पहिली नाल्यावरून गेली, बेहड्याच्या अलीकडे पडली. दुसरी तिनं खालून वर उचलून फेकली. थाळी शिंक्याच्या तोंडातून आत गेली, एक झोका बसला, बुडाची गाठ सुटली आणि थाळी पाल्यावर पडली.

"नाई झालं," खुशाल म्हणाला. "थाळी शिंक्यात राह्यली पाहिजे. दादाचाच नियम होता."

नियम तोच होता. सत्यशीलेनंबी तो मानला. थाळी उचलून तिसऱ्या फेकीले उभी राहिली.

मी झाडाखाली गेली. सुटलेली दोरी हातात घेतली.

"ठेव थाळी," मी म्हटलं. "तोंडातून गेली नं?"

"गेली, पण माय..."

"मग दोन फेकीत गेली. तिची फेक चुकली नाई, माझी गाठ सुटली. पक्कं आहे म्हणून मीच बोलली. आपल्या कच्च्या गाठीवर बायनाबाई कोणाले हरवत नाई."

"माझी नोकरी आहे ते."

"तुझी होती तर मुंग्याईले काऊन भेला?"

घरी येऊन कागद घेतला. सही देवरावनंच शिकवली होती. 'बायना' नीट आलं, 'बाई' खाली घसरलं. मग दोन ताटं वाढली, एक तिच्यासमोर ठेवलं आणि ते रिकामं होईपर्यंत उठली नाई.

दुसऱ्या दिवशी पहाडीवरून सातही शिंकी उतरवली. सहा धुरावर टांगली, सातवं उकलून पुन्हा वळाले घेतलं.

आठ दिवसांनी सत्यशीला सकाळच्या बसनं गेली. मी आंगणातूनच पाह्यलं. आत आली तर कणगीवर, कागद होता त्या जागी, थाळी ठेवलेली होती. खुशाल उचलाले गेला.

"राहू दे तिथी," मी म्हटलं आणि बुडाच्या गाठीले बसली.