गिरडच्या टेकडीवरचे ऊन

सन एकोणीसशे त्र्याऐंशीच्या माघ महिन्यात, धुके पाण्यावरून अद्याप उठलेले नसताना, अल्लीपूरचे कास्तकार रूपराव बोर धरणाच्या काठावर उघड्या अंगाने उभे होते. जिल्ह्याच्या त्रिविध शर्यतीतले त्यांचे हे दुसरे वर्ष. शर्यतीचा नियम असा की प्रथम धरणाचे पाणी पोहून पार करावे, तदनंतर वर्धा, हिंगणघाट या मार्गाने समुद्रपूरपर्यंत सायकल हाणावी, आणि तेथून धावत जाऊन गिरडची टेकडी चढावी. टेकडीवर निवृत्त कवायत-मास्तर बंडोपंत पंच म्हणून तांबडे निशाण रोवून बसत. सूर्य दिसेनासा झाला की निशाण खाली येई. त्यानंतर पोचणाऱ्याची शर्यत पुरी झाली असे धरीत नसत.

गेल्या वर्षी रूपरावांसोबत त्यांचा जिवाभावाचा मित्र चंद्रभान होता. हिंगणघाटच्या अलीकडे त्याच्या सायकलचे फ्रीव्हील निकामी झाले. रूपराव त्याच्यासाठी थांबले आणि दोघेही अंधार पडल्यावर टेकडीवर पोचले. निशाण गुंडाळले गेले होते. तेव्हा टेकडीवरच्या दर्ग्यापुढे हात जोडून चंद्रभान बोलून बसला, "बाबा, पुढच्या साली शर्यत पुरी झाली का आमी दोघं मिळून चादर चढवू."

त्याच श्रावणात कपाशीच्या वावरात चंद्रभानला सर्पदंश झाला, आणि दवाखान्याची वाट सरण्यापूर्वीच तो सरला.

दिवाळीनंतर त्याची विधवा पंचफुला रूपरावांच्या दारी आली. म्हणाली, "भाऊजी, त्याईनं बोललेलं वर्षश्राद्धाच्या आत फिटलं पायजे. नाई तं जीव अडकून राहीन त्याईचा." माघातली ही शर्यत हुकली, तर तिच्यापुढली वर्षश्राद्ध उलटल्यावर होती. म्हणजे जे काही व्हायचे ते या एकाच दिवशी होणार होते. आज पंचफुला हिरवी चादर घेऊन पहाटेच्या मोटारीने पुढे गेली होती, आणि टेकडीवर वाट पाहणार होती.

"काय रूपराव," नालवाडीचे अच्युत डोक्यावर रबरी टोपी चढवीत म्हणाले. ते कचेरीत कारकून होते आणि गतवर्षीचे विजेते. "विहिरीत शिकलात ना पोहायला? इथे घाण्याच्या बैलासारखे गोल फिरू नका म्हणजे झाले!"

सगळे हसले. रूपरावही हसले. "फिरलो तं तुमालेच धडकीन, साहेब. जरा बाजूनं चालजा."

शिटी वाजली. पाणी काळजात शिरावे इतके थंड होते. रूपराव जोमाने हात मारू लागले. शेतातल्या गोल विहिरीत त्यांनी हजारो फेरे घातले होते. उजव्या अंगाला बांधीव दगड, आणि पुढ्यात चंद्रभानच्या टाचा. त्या टाचांवर नजर ठेवायची, मार्ग पाहायचा नाही, हीच त्यांची विद्या. गतवर्षी येथेही त्या टाचा पुढे होत्या. आज पुढे केवळ पाणी होते, आणि ते पाणी कापीत ते आपल्या मते सरळ चालले होते.

"ओ दादा!" नावेतला माणूस ओरडला. "घरी चालले काय?"

रूपरावांनी मान वर काढली. समोर पैलतीर नव्हता. ज्या काठावरून निघाले तोच काठ, तीच बाभळ, तिच्याखाली त्यांनी काढून ठेवलेले स्वतःचे धोतर. अंगाला वळण लागले होते ते विहिरीचे, आणि त्या वळणाने त्यांना डावीकडे ओढीत परत आणले होते. लाजेपेक्षा दुःखच त्यांना अधिक झाले. क्षणभर ते तसेच तरंगत राहिले. मग पलीकडच्या तीरावरचा एक वठलेला साग त्यांनी हेरला, आणि चार हात मारले की मान काढून त्या सागाकडे पाहायचे, असे करीत ते निघाले.

ते बाहेर आले तेव्हा काठावर एकच सायकल उरली होती.

त्या दिवशी त्यांनी सायकल कशी हाकली याचे वर्णन करण्यास शब्द अपुरे आहेत. दुपार झाली, वारा समोरून सुटला, मांड्यांत गोळे आले. रस्त्यात जे थकून झाडाखाली बसले होते त्यांना त्यांनी मागे टाकले. हिंगणघाटच्या अलीकडे, जेथे गतवर्षी दोघे मित्र सायकल उलटी करून बसले होते, तेथे त्यांचे पाय आपोआप मंदावले. पण ते थांबले नाहीत.

समुद्रपूरला सायकल टाकून ते धावू लागले, तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. कधी धावत, कधी नुसते फरफटत ते गिरडला आले. रस्त्याने वळण घेतले आणि सूर्य टेकडीआड गेला. पायथ्याशी सांजावले होते.

रूपराव दगडावर बसले. सर्व संपले होते. वर ती बाई चादर घेऊन उभी असेल, तिला काय सांगावे? विहिरीच्या एका फेऱ्याने मित्राचा बोल बुडविला, हे कोणत्या तोंडाने सांगावे? दर्ग्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी पायातले जोडे काढून बाजूस ठेवले. पायथ्याशी येऊन तसेच परत फिरणे त्यांना मानवेना. ते जड पायांनी चढू लागले.

अर्ध्याहून अधिक चढण झाली असेल. तळव्यांना दगड ऊन लागला. त्यांनी खाली पाहिले. स्वतःची सावली पायरीवर पडली होती! पायथ्याशी बुडालेला सूर्य वर अजून होता.

रूपराव अनवाणी धावले. ठेच लागून अंगठा फुटला तेही त्यांना समजले नाही.

"या, रूपराव, या!" वरून बंडोपंतांचा कवायतीचा आवाज आला. "कड दिसते आहे अजून! या!"

रूपरावांचा हात निशाणाच्या काठीला लागला आणि ते गुडघ्यांवर कोसळले. बंडोपंतांनी पश्चिमेकडे पाहिले. लाल कोर होती, ती हळूहळू दिसेनाशी झाली. तेव्हा त्यांनी निशाण उतरविले आणि इतकेच म्हणाले, "पुरी झाली."

पंचफुला जवळ आली. तिने त्यांना पाणी पाजले. मग चादरीची घडी उलगडली आणि विचारले, "दुसरी बाजू कोण धरते, भाऊजी?"

"तुमीच धरा, वहिनी."

"म्या?" तिचा हात नकळत मोकळ्या कपाळाकडे गेला. "वर्षाच्या आत? माह्या हातानं चालते का?"

"बोलला तो होता. त्याच्या जागी आता तुमचाच हात हाये."

मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, चादरीची दोन टोके हाती घेतली आणि म्हणाली, "मंग तुमी पुढं व्हा."

रूपरावांनी आपली टोके उचलली आणि पाऊल टाकले. पुढे कोणाच्याही टाचा नव्हत्या. मागून चादर जराशी ताणली गेली, आणि त्या ताणाच्या आधाराने ते सरळ दर्ग्याच्या दारापर्यंत चालत गेले.