पुनमचा गळा

"बसून खाऊन गळा सुजला हिचा," बालाजी बायकोकडं बोट दाखवून म्हणाला, आणि उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली. ती लातूरला जीवशास्त्र शिकवायची. आज नायगावला या धाकट्या भावाकडं आली होती. भावजय पुनमचा डॉक्टरांचा कागद तिनं नुकताच वाचला होता: आयोडीन कमी पडल्यानं गलगंड.

"बसून न्हाई, राबून सुजलाय! गळ्यात फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असती. तिच्यातल्या बारीक पिशव्या रक्तातलं आयोडीन ओढून हार्मोन बनवतात, दोन-तीन महिन्यांचा साठाबी ठेवतात. आयोडीनच न्हाई मिळालं, तर साठा सरतो. वरून मेंदूचा हुकूम सुटतच राहतो, बनव, बनव! राबून राबून ग्रंथी फुगती. मीठ कोणतं आणतोस?"

"खडेमीठ. पाकिटातल्या आयोडीनच्या मिठानं रोग होतात म्हणं. दोन वर्षं झाली, बंदच केलं मी."

उज्वला तडक गोठ्यात गेली. गाईचं दूध वाढावं म्हणून त्यानं आणलेली खनिज मिश्रणाची पिशवी तिनं येतानाच पाहिली होती. ती आणून तिनं त्याच्या पुढ्यात आदळली.

"वाच, काय काय हाय यात."

"कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, आयो..." बालाजी अडखळला.

"मोठ्यानं वाच," उज्वला म्हणाली, "पुनमला ऐकू येऊ दे."